तपासावं लागेल

१२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला फोनवर धड बोलता येत नाही, तेव्हा पत्रच बरं. जन्मभर टेलिफोन ऑफिसात बसून दुसऱ्यांचे फोन जोडणाऱ्या बाईवर ही वेळ यावी, याचं मला वाईट वाटतं. थोडं हसूही येतं.

बातमी अशी की मला प्रवेश मिळाला. आर्किटेक्चरच्या पुढच्या पदवीला, आणि तोही मी भीत भीत अर्ज केला होता त्याच कॉलेजात. दोन वर्षं, लांब, बोटीने किंवा विमानाने जावं इतकं लांब. पत्र आलं तेव्हा मी ऑफिसात एका शाळेच्या संडासांचं ड्रॉइंग करत होते.

आमच्या ऑफिसात माणसं दोन प्रकारची. पुढची पदवी असलेली आणि नसलेली. असलेली खिडकीपाशी बसतात, गिऱ्हाइकांशी बोलतात आणि बोलताना हात हवेत फिरवतात. नसलेल्यांच्या वाट्याला जिने, गच्चीचे उतार आणि संडास. पाच वर्षांत मी इतके संडास काढलेत की एखादं गाव स्वच्छ झालं असतं. गेल्या महिन्यात एका वाचनालयाचं काम आलं. त्यातली वाचायची खोली मी आखली, उजेड कुठून यावा ते मी ठरवलं. साहेबांनी ती पाहिली, मान डोलावली, आणि गिऱ्हाइकापुढे मांडायला खिडकीजवळच्या एकाला उभं केलं. मी भिंतीला टेकून उभी होते. गिऱ्हाइकाने माझ्याकडे पाहून पाणी मागितलं. मी आणून दिलं.

आता खर्च. फी, तिथलं राहणं-खाणं आणि दोन वर्षं बुडालेला पगार. सगळं एकाखाली एक मांडलं तर आपल्या वरच्या मजल्याला जेवढे लागतील तेवढेच येतात, दारं-खिडक्यांसकट. हे गंमत म्हणून लिहितेय. परत आल्यावर पगार वाढेल, पण इतका नाही. साहेब स्वतःच म्हणतात, आपल्या धंद्यात शिकायला डॉक्टराएवढं लागतं आणि मिळतं कंपाउंडराएवढं. मग जायचं की नाही? मला तुझे पैसे नकोत, तुझं डोकं हवंय.

घरी सगळे बरे. यंदा वरचा मजला चढवायचाच असं चाललंय. दादा-वहिनी लग्नापासून बाहेरच्या खोलीत पडदा लावून राहतात, तुला माहीतच आहे. वहिनी दवाखान्यातून रात्रपाळी करून येते आणि झोपते न झोपते तोच कुणीतरी बेल वाजवतं. मजल्यासाठी बाबा, दादा आणि वहिनी तिघांनी मिळून पैसे साठवलेत, त्यात वहिनीच्या जादा पाळ्यांचे बरेच आहेत.

तुझी,
फुटपट्टी


२१ फेब्रुवारी

चि. फुटपट्टीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा आनंदाने आणि एकदा चष्मा पुसून. पोरी, घरात पहिल्यांदा कुणी बोटीने किंवा विमानाने जावं अशा जागी निघालंय. मी खालच्या भाडेकरणीला पण सांगून आले. तिने विचारलं, इंजिनियर का? म्हटलं, नाही, त्याहून महाग.

हिशेब चांगला मांडलास. पण ज्या खोलीत तुला पाणी आणायला लावलं, त्या खोलीचं काय ते त्यात कुठे दिसलं नाही. जायचं की नाही हे तू मला विचारतच नाहीयेस, तू जाणारच आहेस. नुसता फायदा-तोटा पाहायचा असता तर तू अर्जच केला नसतास. जा. कर्ज काढ. मी जामीन राहते, माझी पेन्शन दाखव. फेडायला म्हातारपण आलं तर येऊ दे, म्हातारपण तसंही येतंच.

एकच सांगते. वरच्या मजल्याकडे बघू नकोस. 'गंमत म्हणून लिहितेय' असं माणूस लिहितं तेव्हा ती गंमत नसते. मी लोकांचं बोलणं उगीच नाही ऐकलं इतकी वर्षं. ऐकायची परवानगी नव्हती, तरी ऐकलं. तुझा बाप भोळा आहे. तू तोंड उघडलंस की तो खिसा उघडेल. आणि त्या खिशात तुझ्या वहिनीची झोप आहे.

रागावू नकोस. म्हाताऱ्या माणसाने गोड तेवढंच लिहायचं तर मग वाढदिवसाचं कार्ड पाठवावं.

तुझी आत्या


१७ मार्च

प्रिय आत्या,

आंधळा मागतो एक डोळा, तसं झालंय. कर्जाचे कागद मी आणले होते, खोटं नाही. पण ते भरायची वेळच आली नाही. बाबांनी आपणहून पैसे देऊ केले. मी एका शब्दाने मागितले नव्हते, हे तुला मुद्दाम सांगते.

झालं असं की वरच्या मजल्याचं काही जमेलसं दिसत नाही. खांबांचा प्रश्न आहे. घर बांधलं तेव्हाची पद्धत वेगळी होती आणि आताचे नियम फार कडक आहेत. रविवारी सगळे जेवायला बसले असताना विषय निघाला, आणि एकंदर असं दिसलं की आपलं घर आणखी वजन पेलणार नाही. दादाने ताट जरा पुढे सारलं. मग म्हणाला, चला, आता गच्चीवर कपडे वाळत घालायला जागा राहील. आई हसली. वहिनी उठून पाणी प्यायला गेली आणि बराच वेळ आली नाही. मग बाबा म्हणाले, पैसा नुसता पडून काय करायचाय, पोरगी शिकेल तरी. दादाही लगेच हो म्हणाला. तुला माहीत आहे तो कसा आहे.

दादा-वहिनी आता दवाखान्याजवळ भाड्याने खोली बघताहेत. लहान आहे म्हणे, पण वहिनीला चालत जाता येईल. म्हणजे तिचंही बरंच होईल.

मी कॉलेजला होकार कळवला. ऑफिसात साहेबांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीतून उठले आणि त्यांनी माझ्याशी हात मिळवला. पाच वर्षांत पहिल्यांदा. खिडकीजवळचे लोक मला तिथल्या हवेबद्दल सांगायला लागलेत. मला फार आनंद झालाय, आत्या. तू आता रागावू नकोस. आशीर्वाद दे.

तुझी,
फुटपट्टी


२५ मार्च

चि. फुटपट्टीस,

आशीर्वाद आहेतच, ते काही कपाटात ठेवायची वस्तू नाही. पण मी आज फार रागात आहे, आणि तुझ्यावर नाही.

घर पेलणार नाही म्हणजे काय? अगं, पाया घातला तेव्हा तुझा बाप रोज मला फोन करत होता. अक्का, दोन मजल्यांचा पाया घालतोय, आत्ता जड जातंय पण पुढे पोरांना होईल. सिमेंटचे भाव मला पाठ झाले होते. दोन मजल्यांचा म्हणून पैसे मोजलेत त्याने, तेही त्या मिस्त्रीला, त्याचा दोस्त ना तो. गळ्यात गळे घालून हिंडायचे. आणि आता कळतंय की खांबात दम नाही. म्हणजे लोखंड कुठे गेलं? दोस्ताच्या घरात पण माणूस हात मारतो, याला काय म्हणावं.

मी तुझ्या बापाला आजच सविस्तर लिहिलंय. असल्या माणसाला सोडायचं नसतं. पैसे परत मिळणार नाहीत हे मलाही कळतं, पण निदान त्याच्या दारात उभं राहून चार माणसांत विचारावं तरी. तुझा बाप मिळमिळीत आहे, म्हणून जरा तिखट लिहिलंय.

तू तुझी तयारी कर. गरम कपडे इथून नकोस नेऊ, वजन होतं. देवाने तुला वेळेवर हे पाहायची अक्कल दिली. मजला चढवल्यावर कळलं असतं तर?

तुझी आत्या


२ एप्रिल

प्रिय आत्या,

बाबांना लिहायला नको होतंस. मिस्त्रीकाकांची चूक असेलच असं नाही. त्या काळी सगळे तसंच बांधत. कृपा करून हा विषय वाढवू नकोस आणि बाबांना तसं कळव. मी ऑफिसातलं काम दुसऱ्यांकडे सोपवण्यात अडकलेय, म्हणून घाईत लिहितेय.

फु.


९ एप्रिल

चि. फुटपट्टीस,

तुझी चिठ्ठी उशिरा पोचली. तुझा बाप जाऊन आला.

त्याचं पत्र आलंय. एवढा भोळा माणूस, पण या वेळी बोलला. मिस्त्री एका कामावर होता, हाताखालची माणसं भोवती. तिथेच विचारलं, माझ्या घरात काय घातलंस? पोरीने पाहिलंय, ती शिकलेली आहे, तुझे खांब मजला पेलत नाहीत. मिस्त्रीने वर मान केली नाही म्हणे. हातातली थापी धुतली आणि ती पुसत उभा राहिला. बघ, खाई त्याला खवखवे. निर्दोष माणूस भांडला असता.

तू फार मऊ आहेस. काका काका म्हणत मोठी झालीस, म्हणून तुला वाईट वाटतंय. पण वाईट त्याला वाटायला हवं, तुला नव्हे.

तुझी आत्या


४ मे

प्रिय आत्या,

हे पत्र मी तीनदा सुरू करून फाडलं. आता एका दमात लिहिते आणि परत न वाचता टाकते.

मिस्त्रीकाका गेले काही दिवस गल्लीत घरोघर जाताहेत. त्यांनी बांधलेल्या प्रत्येक घरी. दार वाजवतात, आत येत नाहीत, उंबऱ्याबाहेरून सांगतात, की माझ्या हातून त्या दिवसांत खांब कच्चे पडलेत, तुम्ही वर मजला चढवू नका, मला माफ करा. मला हे वहिनीने सांगितलं. मग परवा गल्लीच्या टोकाला शिवणकाम करतात त्या काकू माझ्याकडे आल्या. त्यांनी मुलीसाठी वरती खोली काढायचं ठरवलं होतं, विटाही येऊन पडल्यात. त्या म्हणाल्या, बाई, तुम्हाला यातलं कळतं, जरा येऊन बघा, आम्ही झोपावं का त्या घरात? आत्या, त्यांना माझ्या बोलण्याने स्वतःच्या घरात झोप लागत नाहीये.

मिस्त्रीकाका भांडले नाहीत कारण त्यांना ते खरंच वाटलं. शिकलेली पोरगी म्हणते म्हणजे असेल. त्यांनी कुठे चुकलं ते आठवायचा प्रयत्न केला असणार, आणि आठवलं नाही म्हणून सगळीच घरं चुकली असं धरलं.

आपल्या घराचे खांब चांगले आहेत. पायाही चांगला आहे. मी पाहिलाय. मागे गटाराचा पाइप बदलायला भिंतीलगत खणलं होतं, तेव्हा मी हौसेने खाली उतरून मोजून आले होते. मजला आरामात पेलेल. हे मला रविवारच्या त्या जेवणाच्या आधीपासून माहीत होतं.

त्या दिवशी बाबांनी एवढंच विचारलं, पेलेल ना गं? मी म्हटलं, तपासावं लागेल. आमच्या ऑफिसात आम्ही दिवसातून दहा वेळा हे म्हणतो. नकार द्यायचा असतो तेव्हाही हेच म्हणतो, गिऱ्हाइकाला वाईट वाटू नये म्हणून. मी पुढे म्हटलं, नियम आता कडक आहेत. तेही खरं आहे. बाबांचा चेहरा उतरला. मला तेव्हा म्हणता आलं असतं की अहो, तपासावं लागेल म्हणजे नाही असं नाही. मी भाताचा घास घेतला. मग दादा कपडे वाळत घालण्याचं बोलला आणि सगळं होऊन गेलं. मी खोटं बोलले नाही, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत होते. तुलाही तसंच गोल गोल लिहिलं. तू मिस्त्रीकाकांवर घसरलीस तेव्हा मला पहिली भीती वाटली ती त्यांच्यासाठी नव्हे, माझी फी जाईल याची. हे खरं आहे.

साहेब परवा सगळ्यांसमोर म्हणाले, ही आपल्याकडची पहिली मुलगी तिथे जाणारी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिनाअखेरीला फी भरायची आहे. बाबांनी पैसे माझ्या खात्यावर टाकले आहेत. तू काय म्हणशील ते मला ऐकायचंय. शिव्या घातल्यास तर बरंच वाटेल.

फु.


१० मे

चि. फु.

शिव्या घालायला बसले होते. दोन ओळी लिहिल्या आणि आठवलं की त्या माणसाच्या दारात तुझ्या बापाला मी पाठवलं. तू नुसतं गप्प बसली होतीस, मिस्त्रीला चार माणसांत उभं मी केलं. त्याने मान खाली घातली ती मी चोरीची खूण समजले. इतकी वर्षं लोकांचे आवाज ऐकून मला माणूस कळतो, अशी माझी घमेंड होती. परवा भाडेकरणीला ही गोष्ट मी चवीने सांगत होते. आता तिच्यासमोर जायची लाज वाटते.

आधी घरात सांग. सगळ्यांना एकदम, जेवताना नाही. मग मिस्त्रींकडे जा, आणि मग प्रत्येक दारात. मी त्यांना वेगळं पत्र घातलंय, त्यात तुझं नाव घेतलेलं नाही, माझंच घेतलंय.

कॉलेजचं मला विचारू नकोस. जामीन अजून राहते, पण त्या पैशांना नव्हे.

आत्या


२८ मे

प्रिय आत्या,

सांगितलं. त्यात शूरपणा काही नव्हता, कारण आता न सांगता राहणं जमत नव्हतं.

सकाळी चहाच्या वेळी सगळे होते. दादा-वहिनी नव्या खोलीतून भेटायला आले होते. मी बोलून थांबले तेव्हा बाबांनी एवढंच विचारलं, म्हणजे पेलेल? मी म्हटलं, पेलेल. ते चपला घालायला लागले. मी म्हटलं, बाबा, आधी मी जाते. ते म्हणाले, तू तुझं निस्तर, मी माझं. मी माणसांसमोर बोललो होतो, माफीही माणसांसमोरच मागायला पाहिजे. आईने सगळ्यांचे कप उचलले. माझा अर्धा होता, तोही उचलला. दादा म्हणाला, जाऊ दे, झालं ते झालं. त्याचा मला राग आला. कुणीतरी एक मुस्कटात द्यायला हवी होती.

मग मी वहिनीकडे वळले. मला वाटलं ती म्हणेल, मागितलं असतंस तर आम्ही दिलंच असतं. सिनेमात म्हणतात तसं. मी त्याचीही तयारी ठेवली होती, रडायची. ती म्हणाली, "तुम्ही मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं. सरळ तोंडावर. आणि तुम्ही मला वाईट ठरवलं असतं तरी चाललं असतं. पण नाही म्हणायची पाळी माझी होती, ती तुम्ही घेतलीत." मग ती ड्यूटीवर गेली.

पैसे बाबांच्या खात्यावर परत टाकले. कॉलेजला कळवलं की यंदा येत नाही. त्यांचं सभ्य उत्तर आलं, जागा राखून ठेवता येणार नाही, पुढे यायचं झाल्यास अर्ज नव्याने करावा. जागा धरायला भरले होते ते बुडाले, ते माझे होते. ऑफिसात साहेबांना कारण सांगितलं, खरं. त्यांनी ऐकून घेतलं आणि टेबलावरचा कागद सरळ केला. त्या दिवसापासून माझं ड्रॉइंग ते दुसऱ्याकडून तपासून घेतात. खिडकीजवळचे लोक हवेबद्दल बोलायचे बंद झालेत. तुझं जामिनाचं लक्षात आहे. पण आत्ता कर्जाच्या कागदावर सही करायला बसले तर माझाच माझ्यावर विश्वास बसणार नाही.

मिस्त्रीकाकांचं शेवटी लिहितेय कारण तेच सगळ्यात अवघड आहे.

बाबा त्यांच्या कामावर जाऊन माफी मागून आले, मागोमाग मी गेले. त्यांनी मला बसायला उलटं घमेलं दिलं, वर पोत्याची घडी घातली. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "पोरी, तू मनाने फार चांगली आहेस. सकाळी तुझे बाबा येऊन गेले, तुझ्या आत्याचं पत्रही आलं. सगळ्यांनी मिळून माझी अब्रू राखायचं ठरवलंत. पण घराचा मामला आहे, अशी दया करू नये." आत्या, त्यांना मी खोटारडी वाटतच नव्हते. मी शपथ घेतली, तर म्हणाले, "माझ्यासाठी शपथ कशाला घेतेस?" मी त्यांच्याबरोबर गल्लीत दारोदार गेले आणि प्रत्येक दारात म्हटलं, चूक माझी आहे, यांची नाही. ते माझ्या मागे उभे राहून लोकांना हाताने खुणावत होते, की पोरीचं मन मोठं आहे, तुम्ही मजला चढवू नका. त्या शिवणकामवाल्या काकूंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तेव्हा काल मी त्यांना घरी घेऊन आले. कुदळ आणून ठेवली होती. मागच्या भिंतीलगत, पाइपच्या जागी, मी खणायला लागले. मला खणता येत नाही हे त्यांना दिसत होतं, पण मी त्यांना कुदळीला हात लावू दिला नाही. बाबा दारात उभे होते. खूप वेळ लागला. खांबाचा पाया उघडा पडला, रुंद, भरीव, कडा अजून धारदार. मी म्हटलं, काका, बघा. तुम्ही घातलेला आहे.

ते खड्ड्यात उतरले. काँक्रीटवरून हात फिरवला, बोटं उघडून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत वीत टाकत गेले. मग तिथेच उकिडवे बसून राहिले. किती घरी आपण काय सांगून आलो, ते त्यांना आता एकेक करून आठवत असावं. मी वाट बघत होते, ते ओरडतील म्हणून. मला ते हवं होतं.

ते वर आले, हात झटकले आणि माझ्या हातातली कुदळ काढून घेतली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, तुम्ही बाजूला व्हा. माती मी लोटतो. तुमचे कपडे खराब होतील."

तुझी,
फु.